बुटक्या शिंगराचा भाव

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात केशरबाई आपली बुटकी शिंगरं विकायला येई. ही जात वाढून वाढून माणसाच्या कमरेएवढीच होते. केशरबाई वाजवी भाव सांगे आणि तो सगळ्यांना एकच असे.

एका वर्षी एक बडे जहागीरदार नातीला घेऊन आले. चिमुकल्या इंदुमतीने एका करड्या शिंगराच्या गळ्याला मिठीच मारली. भाव ऐकून जहागीरदारांनी मिशीला पीळ दिला. "अर्धा घोडा आणि पुरा दाम? घोड्याची किंमत उंचीवर ठरते, बाई. अर्धेच देईन!"

भोवती गिऱ्हाइकं जमली. इथे भाव मोडला, तर सगळेच अर्ध्यात मागणार, हे केशरबाईने ओळखलं. ती हसून म्हणाली, "बरं सरकार, उंचीच बघू. हा माझा बसायचा उंचापुरा घोडा. ताईसाहेबांनी लगाम धरून याला बाजाराच्या त्या कमानीपर्यंत न्यावं. नेला, तर घोडा तुम्हाला फुकट!"

जहागीरदारांचे डोळे चमकले. "जा गं इंदू, धर!"

घोड्याने नुसती मान झटकली आणि इंदू किंचाळून आजोबांच्या मागे लपली.

"छे! हे धूड पोरीच्या काय कामाचं?" जहागीरदार बोलून गेले.

"मग सरकार, जो फुकटातही नको झाला, त्याच्या उंचीने माझ्या शिंगराचा भाव कसा हो करायचा?"

बाजार खो-खो हसला. जहागीरदारही हसले आणि त्यांनी पुरा दाम दिला. पावती मागायला ते वळले, तोवर इंदू शिंगराला घेऊन कमानीपलीकडे पोचलीसुद्धा होती.