स्किब्नोचा बुजवलेला चर

पोलंडमधल्या स्किब्नो या गावाभोवती एक चर आहे. विस्तुला नदीच्या सपाट मैदानात, बटाट्याच्या आणि राय नावाच्या धान्याच्या शेतांमधून तो गावाला गोल वळसा घालतो आणि पाणी दलदलीकडे नेतो. फक्त पूर्वेला, एका शेताच्या मधोमध, तो दोन हात बुजवलेला आहे. तिथून ना रस्ता जातो ना पायवाट. बर्फ वितळलं की पाणी तिथे तुंबतं आणि कडेचं पीक कुजतं. आपल्या हाताने नुकसान करून घ्यायची ही कसली हौस, असं मी म्हणूनही गेले.

हे गाव आमच्या सुनेचं, कासियाचं, आजोळ. चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या लेओकाद्याबाई आम्हा नवराबायकोला गाव दाखवत होत्या आणि कासिया त्यांचं बोलणं मराठीत सांगत होती. बाईंचा आवाज एकसुरी, विजेचं बिल वाचून दाखवावं तसा.

फार पूर्वी या मुलखात महामारी आली, असं सांगतात. जुळ्या बैलांनी गावाभोवती नांगराचं तास, म्हणजे फाळाने पडणारी सरी, ओढायचं, त्याची दोन टोकं जुळली की रोग आत येत नाही, अशी तेव्हाची समजूत. मात्र एकदा टोकं जुळली की रोगराई संपेपर्यंत कुणी आत यायचं नाही, बाहेर जायचं नाही. सगळ्या गावाने चर्चमध्ये तशी शपथ घेतली. जुळे बैल एकट्या दोरोताकडे होते, म्हणून नांगर तिने धरला. तिचा नवरा वालेंती ओंडक्यांचे तराफे घेऊन नदीवर गेला होता.

टोकं जुळायला थोडंच अंतर उरलं आणि वालेंती शेतातून चालत आला म्हणे. धडधाकट होता, पण येत होता रोगाच्या गावांमधून. दोरोताने बैल थांबवले. सगळं गाव बघत होतं आणि त्यात तिची दोन मुलंही होती.

"मुलांकडे बघ," वालेंती म्हणाला, "आणि चालव नांगर."

तिने नांगर चालवला. तो मागे वळून जंगलाकडे निघून गेला.

रोग आधीच आत होता. एका घराने आजारी माणूस लपवून ठेवला होता. हिवाळ्यात घरामागून घर रिकामं होऊ लागलं. दोरोताच्या मुलांना ताप चढण्याआधी त्यांना घेऊन तास ओलांडणं तिला सहज जमलं असतं. पण शपथ साऱ्या गावाची होती आणि नांगर तिनेच धरला होता. ती गेली नाही. आधी धाकटा गेला, मग मोठी. लोक म्हणत, ती रडली नाही. चूल पेटवायची, गुरांना चारा घालायची, मुलांची अंथरुणं रोज घालायची आणि रोज काढायची.

बर्फ वितळल्यावर वालेंती परतला. लाकूडतोड्यांच्या झोपडीत राहून तो वाचला होता. तासापलीकडे, निघून गेला होता त्याच जागी येऊन उभा राहिला.

"मुलं?" त्याने विचारलं.

दोरोता खाली बसली आणि हातांनी तासात माती लोटू लागली. तास भरेपर्यंत थांबली नाही. मग उठून इतकंच म्हणाली, "आता ये."

पुढे गावाने त्या तासाचा चर केला, पण तेवढी जागा सोडून. राज्यं बदलली, सरकारी माणसांनी यंत्र आणून चर मोकळा केला. दुसऱ्या दिवशी गावाने तो पुन्हा बुजवला. आजही बर्फ वितळलं की गावातलं प्रत्येक माणूस इथे येऊन मूठभर माती टाकतं.

एवढं सांगून लेओकाद्याबाईंनी वाकून आपली मूठ टाकली. मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं कुणी बाहेर राहिलं असेल, तर तुम्हीही टाका."

ह्यांचे गुडघे दुखतात, देवळातसुद्धा हे उभ्यानेच हात जोडतात. पण हे कासियाच्या खांद्याचा आधार घेऊन खाली बसले, मूठभर माती उचलली आणि बराच वेळ ती हातातच धरून राहिले. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. नणंद परजातीत लग्न करून पहिल्यांदा घरी आली, तेव्हा आतून कडी लावणारे हेच होते.