विरजणात काढा

"पण गोळी घेतली म्हणजे हारच नाही का, आक्का?"

यमुनाक्का परसात शतावरीची मुळं सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कुणाची हार?"

"आपली."

"आपली म्हणजे तुझी, का माझी?"

सुनेत्रानं पिशवी मांडीवर ओढून घेतली...

आता ही सुनेत्रा कोण, ते सांगायला हवं. माहेर सांगलीचं. वैद्यकीची पदवी घेतलेली, लग्न होऊन डोंगराखालच्या या गावात आलेली. सासरच्या ओट्यावर पाटी लावून बसायचं सोडून ती यमुनाक्कांकडे आली आणि म्हणाली, मला झाडपाला शिकवा. हुशार अशी, की एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायला लागू नये. आणि अभिमान? तोही काठोकाठ. महिला मंडळात उभी राहून ती ठणकावून सांगायची, "बायांनो, आपल्या परसात सगळं आहे. अंगावर पांढरं जातंय, वास येतोय, म्हणून गोळ्यांच्या मागं कशाला लागता? कडुलिंबाच्या काढ्यानं धुवा!" बायका माना डोलवायच्या. टाळ्याही पडायच्या.

आणि मग तेच दुखणं तिच्याच वाट्याला आलं.

एरवी तिनं चार दिवस वाट पाहिली असती, हसली असती. पण या वेळी ती सहा महिन्यांची पोटुशी होती. आधीचं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं होतं, "याकडे दुर्लक्ष करू नका. यानं कधीकधी बाळंतपण वेळेआधी येतं. तुमचं एकदा तसं झालेलं आहे. पोटुशीला चालणारीच गोळी देतेय, सगळी पूर्ण घ्या."

सुनेत्रानं गोळ्या आणल्या आणि पिशवीच्या तळाशी दडपून ठेवल्या. काढा उकळला. सकाळी धुतलं, संध्याकाळी धुतलं. वास जायचा आणि दुप्पट होऊन परत यायचा. मग त्रिफळा. मग तुरटी. देवळात बायकांच्या शेजारी बसायची तिला चोरी झाली. नवऱ्यापासून चटई लांब ओढून निजायला लागली. आज मात्र धीर सुटला आणि तिनं आक्कांपुढं सगळं ओकून टाकलं.

सगळं, म्हणजे गोळ्यांसकट.

आक्कांनी मुळं बाजूला सारली.

"आत जा. फळीवर विरजणाचं भांडं आहे, ते आण. आणि तू घरून आणलेला तो काढा पण घे."

सुनेत्रानं दोन्ही आणून ठेवलं.

"ओत."

"कुठं?"

"विरजणात."

"अहो आक्का, काहीतरीच काय!"

"का? चांगला कडूजहर झालाय. भांडं आतून लख्ख होईल."

"लख्ख करून काय करायचंय? ते विरजण आहे. काढा घातला तर मरेल ना ते! उद्या दही कशाचं लागणार? नासेल सगळं, वास मारेल..."

आणि बाई तिथंच थांबली. तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

आक्का पदरानं हात पुसत राहिल्या.

सुनेत्राचा हात हळूच पोटावर गेला. बाईच्या आतही असंच चांगलं विरजण असतं, तेच नको त्याला थारा देत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत उत्तर लिहिलं होतं, वर आकृती काढली होती. मार्कसुद्धा चांगले पडले होते. आणि घरी येऊन तीच बाई रोज विरजण धुऊन काढत होती.

"मीच केलं हे..." ती पुटपुटली.

"सुरू कशानं झालं, देव जाणे. टिकवलंस मात्र तू."

"मग आपल्याकडचं काहीच नाही का, आक्का? त्रिफळा, कोरफड, लसूण... एवढं सगळं फुकटच?"

"फुकट कशाला? लसूण आमटीत घाल. दही पानात घे. सुती नेस. धुवायचं ते वरवर, साध्या पाण्यानं. आत हात घालायचा नाही, काढा नाही, साबण नाही, अत्तर नाही."

"बस्स? एवढंच?"

"एवढंच. आणि गोळी."

सुनेत्रा उसळली. अभिमान काय एका झटक्यात मरतो होय? "पण गोळीनंही विरजण मरतंच की थोडं!"

"मरेल थोडं. पण गोळी पाहुणी आहे. आली, काम केलं, गेली. तू तर मुक्कामच ठोकलायस."

यावर सुनेत्राला हसू आलं आणि हसता हसताच डोळे भरले.

"लोक काय म्हणतील, आक्का? यमुनाक्कांची शिष्या, आणि दवाखान्याची गोळी खाते!"

आक्कांनी हात पुढं केला.

"दे इकडं."

सुनेत्रानं पिशवीच्या तळातून गोळ्यांची पट्टी काढून दिली. ती चुरगळली होती. आक्कांनी ती मांडीवर ठेवून बोटांनी सरळ केली. मग समोर पाटावर ठेवली आणि डोळे मिटून तिला हात जोडले.

हे हात सुनेत्रा रोज पाहत होती. आक्कांकडची रीतच ती. साधं आघाड्याचं पान तोडायचं झालं तरी आधी रोपापुढं उभं राहायचं, हात जोडायचे, बाबा रे, गरज आहे म्हणून घेते, असं म्हणायचं आणि मगच तोडायचं. पहिल्या दिवशी हात न जोडता पान तोडलं म्हणून आक्कांनी तिला बागेबाहेर काढली होती.

"आक्का, ते झाड नाही..."

"दिसतंय मला. म्हातारी झालेय, आंधळी नाही."

"मग?"

"कुणीतरी जन्म घालवून शोधली असेल ही. त्याला तुझं नाव ठाऊक होतं?"

"नाही."

"तुझं गाव?"

"नाही..."

"तरी तुझ्यासाठी करून ठेवली."

सुनेत्रानं पट्टी पाटाच्या मधोमध नीट सरकवली. मग तिनं हात जोडले. नमस्कार वेडावाकडा झाला, पण झाला. आक्कांनी तांब्या पुढं सरकवला. तिनं पहिली गोळी तिथंच घेतली.

काढा तिनं स्वतःच्या हातानं परसाच्या कडेला ओतला. गोळ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितल्या तशा सगळ्या पूर्ण घेतल्या, पुन्हा जाऊन तपासूनही आली. वास गेला. देवळात ती बायकांच्या मधोमध बसायला लागली. चटई जागेवर आली. सातवा महिना लागला तसा घरात कुणी मोठ्यानं बोलेना, सासूबाई तर उंबऱ्याशीच माळ घेऊन बसायच्या. तोही सरला. आठवा सरला.

मधे एकदा ती महिला मंडळात उभी राहिली. "बायांनो, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं," म्हणाली. टाळ्या पडल्या नाहीत. पण उठताना मागच्या रांगेतली एक बाई तिच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, दवाखान्यात माझ्यासंगती येशील?" सुनेत्रा दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन गेली.

दिवस पूर्ण भरून मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, आणि आवाज असा, की दवाखान्याच्या दुसऱ्या टोकाला कळावं!

महिन्यानं सुनेत्रा लेकीला घेऊन आक्कांकडे आली. बाळ आक्कांच्या पायांवर घातलं आणि तिथंच रडत बसली. सुखाचं रडणं ते, कोण अडवणार? आक्कांनी पोर मांडीवर घेतली आणि सुनेत्राला रडू दिलं.

"आक्का, कुणाचे उपकार मानू मी? तुमचे मानते. डॉक्टरीणबाईंचे मानते. ज्यानं ती गोळी शोधली, त्याला रोज दिवा लावताना हात जोडते. दही लावताना विरजणाचेसुद्धा मानते, हसू नका! तरी वाटतं, कुणीतरी राहतंय. कुणाचं तरी देणं तसंच राहतंय. कोण राहिलं, आक्का?"

आक्का पोरीकडं बघत होत्या. त्यांच्या मांडीवर पोर गाढ झोपली होती. ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा एक थेंब राहिला होता.

सुनेत्रानं पदराचं टोक ओलं केलं आणि तो थेंब पुसायला हात पुढं नेला.

आक्कांनी तिचं मनगट धरलं...

"राहू दे की गं, थोडं राहिलेलं बरं. गोड झोपलीय."