आत्याबाईची सुई

नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी मालिनीताई गोगावले नावाच्या बाई राहत. त्या रहस्यकथा लिहीत. रोज सकाळी चहा झाला की त्या खिडकीपाशी बसत आणि जेवणाच्या वेळेपर्यंत कुणाचा ना कुणाचा खून उलगडत. गावातल्या साप्ताहिकात त्यांची कथा क्रमशः येई आणि अंक हातात पडला की लोक आधी तेच पान उघडत.

त्या वर्षीच्या कथेत एका जमीनदाराचा खून झाला होता. खुनी होती त्याची सख्खी बहीण, घरातली आत्याबाई. हे गुपित शेवटच्या प्रकरणात फुटायचं होतं. ते प्रकरण छापून यायला दोन आठवडे असताना मालिनीताई बाजारात गेल्या. भाजीवाली मेथीची जुडी हातात देत म्हणाली, "ताई, आत्याबाईनंच मारलं ना हो भावाला?"

मालिनीताईंच्या डोक्यात तिडीक गेली. पिठाच्या गिरणीत तेच, पोस्टात तेच. सात महिने जपलेलं रहस्य गावभर झालं होतं.

शेवटचं प्रकरण त्यांच्याशिवाय एकाच माणसाने वाचलं होतं. प्रेसमध्ये टायपिंग करणाऱ्या सुनंदा पगारेने. बारा वर्षं मालिनीताईंचं किरटं अक्षर तीच लावत आली होती. घरी पोचेपर्यंत मालिनीताईंच्या मनात तिचं नाव पक्कं झालं. मग त्या पुरावे आठवायला लागल्या आणि पुरावे भराभर सापडत गेले. वीज गेली म्हणून सुनंदाने हस्तलिखित एक दिवस घरी नेलं होतं. तिची नणंद भाजीवालीच्या शेजारी राहत होती. परवा गिरणीत ती बायकांशी हसत बोलत होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या प्रेसमध्ये गेल्या. संपादक बाबूराव मिरीकर होते, मशीनवाला होता, बाइंडर होता, लग्नपत्रिका छापायला आलेले एक गृहस्थ होते. त्या सगळ्यांसमोर मालिनीताईंनी एकेक पुरावा मांडला. त्यांच्या कथेतला गुप्तहेर शेवटच्या प्रकरणात मांडतो, अगदी तसा.

"मी कुणाला काही सांगितलं नाही," सुनंदा म्हणाली.

"मग चेहरा लाल का झाला?"

"अपमानानं पण होतो, ताई."

पत्रिकावाले गृहस्थ हळूच म्हणाले, "वा, काय पकडलंय." बाबूरावांनी सुनंदाला त्याच दिवशी कामावरून काढलं.

गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. कचेरीसमोरच्या दस्तलेखकाकडे सुनंदाचं काम जवळजवळ ठरलं होतं. "लोकांची खासगी कागदपत्रं असतात, तुमच्या हाती कशी द्यायची?" असं म्हणून त्याने तिला परत पाठवलं.

चार दिवसांनी मालिनीताईंच्या दारात रसूलभाई शिंपी आले. चेहरा हसरा, हातात अंकांची चळत.

"ताई, तुम्हाला सलाम करायला आलो. मागच्या महिन्यात सगळे अंक पुन्हा सलग वाचले. चौथ्या अंकात आत्याबाई चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात. आणि सहाव्यात म्हणतात, चष्म्याशिवाय मला हाताची बोटं दिसत नाहीत, खुनी कुठून दिसणार? मी चाळीस वर्षं सुई ओवतोय. तिथंच ओळखलं, बाई खोटं बोलतेय. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. काय सुंदर लपवलं होतं तुम्ही."

मालिनीताईंनी त्यांना धड बसाही म्हटलं नाही. ते गेल्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या आपटला. आधी त्यांना राग आला रसूलभाईंचा. मग भाजीवालीचा. मग त्या सुईचा. दोन दिवस त्या धुमसत राहिल्या आणि गप्पही राहिल्या, कारण खरं सांगायचं तर हेही सांगावं लागणार होतं की तीस कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईचं रहस्य एका शिंप्याने सहाव्या अंकातूनच पकडलं. गप्प राहिलं तर कुणाला कळणारही नव्हतं. तिसऱ्या दिवशी रागवायला दुसरं कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांना आपलाच राग आला, आणि तो सगळ्यात जास्त पोळला.

त्या सुनंदाच्या घरी गेल्या. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही. मालिनीताईंनी घडलं ते सांगितलं आणि म्हणाल्या, "माझं चुकलं. मला माफ कर."

सुनंदाने सूप बाजूला ठेवलं.

"आरोप प्रेसमध्ये उभं राहून केलात. माफी माझ्या ओसरीवर, हळू आवाजात." तिने आता वर पाहिलं. "तुम्ही कथा कशी लिहिता ते मी बारा वर्षं बघतेय. आधी खुनी ठरवता, मग मागे जाऊन पुरावे ठेवत येता. कथेत ते शोभतं. मी जिवंत बाई आहे, ताई. माझं नाव आधी ठरलं, पुरावे मग आले. मला एक प्रश्न तरी विचारलात का?"

मालिनीताई उठल्या आणि थेट प्रेसवर गेल्या.

"पहिल्या पानावर छापा," म्हणत त्यांनी तिथेच लिहिलेला कागद बाबूरावांपुढे ठेवला. "सुनंदाचा काही दोष नाही. रहस्य माझ्याच लिखाणातून फुटलं, आणि ते रसूलभाईंनी ओळखलं."

"ताई, लोक हसतील. तुम्हालाही आणि मलाही."

"हसू देत. हे छापणार नसाल तर शेवटचं प्रकरणही छापू नका."

मग त्यांनी मशीन बंद करायला लावलं, मशीनवाल्याला आणि बाइंडरला बोलावलं, आणि तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. पत्रिकावाल्या गृहस्थांच्या घरी जाऊन त्यांनाही वाचून दाखवला. अंकाची एक प्रत दस्तलेखकाच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवली.

लोक हसले. महिनाभर हसले. रसूलभाईंच्या दुकानात गर्दी वाढली. दस्तलेखकाने सुनंदाला बोलावणं पाठवलं आणि ती कामावर रुजू झाली. बाबूरावांनीही तिला परत बोलावलं होतं, पण ती गेली नाही. मालिनीताईंनी नवी कथा टाइप करायला पाठवली, तेव्हा "वेळ नाही" एवढाच निरोप आला. अठ्ठावन्नाव्या वर्षी मालिनीताई दोन बोटांनी टायपिंग शिकल्या.

वर्षभराने एस.टी. स्टँडवर दोघी समोरासमोर आल्या.

आधी सुनंदाच म्हणाली, "तुमच्या त्या माफीत शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या."

"तू नव्हतीस ना तपासायला."

सुनंदा हसली नाही. गाडी लागली, तशी पिशवी उचलून ती चढली.

तात्पर्य: राग आधी माणूस ठरवतो आणि पुरावे मागाहून गोळा करतो, म्हणून बोट दाखवण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. आणि चारचौघांत केलेला खोटा आरोप चारचौघांतच मागे घ्यावा. तसा घेतला तरी गेलेला विश्वास परत मिळेलच, असं मात्र धरून चालू नये.