रंगारणीच्या अंगणाचं फाटक

फार फार पूर्वी, डोंगरांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. दोन डोंगरांच्या कुशीत एक गाव होतं. तिथले ढग आभाळात कमी आणि गल्लीत जास्त असत. सकाळी ऊन, दुपारी ढग, मग पुन्हा ऊन, असा त्यांचा येण्याजाण्याचा नेम होता. ढग उतरला की आपलाच हात आपल्याला दिसत नसे, आणि अख्खं गाव दुधात बुडाल्यासारखं वाटे.

गावात एकच गल्ली होती. तिच्या एका हाताला घरं आणि दुसऱ्या हाताला खोल दरी. म्हणून गावाने एक रीत पाडली होती. ढगातून चालताना प्रत्येकाने गुणगुणायचं. प्रत्येक घराची चाल वेगळी. तेल्याच्या घरची चाल घाण्यासारखी गोल गोल फिरायची. कुंभाराच्या घरची हळूहळू वर चढायची. पाटलांची चाल मोठी भारदस्त, दर दोन पावलांनी खाकरणारी. त्यामुळे ढगात कोणी कोणाला धडकत नसे, आणि कोण आलं, कोण गेलं ते घरात बसून कळे. ढग विरला की गुणगुण थांबे. भर उन्हात गुणगुणणाऱ्याला त्या गावात खुळा समजत.

गल्लीच्या वळणावर एका रंगारणीचं घर होतं. ती एकटीच राहायची. अंगणात निळीचे चार रांजण पुरलेले होते. त्यांचा वास इतका उग्र, की माणसाचा, फुलाचा, भाकरीचा कुठलाच वास त्या अंगणात तग धरत नसे. पण रंगारणीची नजर म्हणजे नजर! पहिल्या बुडीचा दुधाळ निळा, दुसऱ्या बुडीचा आभाळी, चौथ्या बुडीचा मोराच्या मानेचा, सातव्या बुडीचा जवळजवळ काळा. कापड लांबून पाहून ती सांगे, किती बुड्या झाल्या. निळ्या रंगाची एकही छटा तिच्या डोळ्यांतून सुटत नाही, असं लोक म्हणत. तिलाही तसंच वाटे. तुम्ही एवढं लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

तिच्याकडे एक कुत्रा होता. कापसासारखा पांढरा, म्हणून त्याचं नाव कापश्या. नवरा गेला त्या वर्षी तो ओल्या कापडांच्या टोपलीत येऊन झोपला, तो तिथलाच झाला. रंगारीण दिवसभर त्याच्याशी बोलायची. बाहेरून येतानाही फाटकाच्या आधी दहा पावलांपासून तिचं सुरू व्हायचं. "काय रे कापश्या, आज आभाळी काढू की मोरपंखी?" कापश्या शेपटी हलवी. ज्या बाजूला शेपटी जास्त हले, तो रंग ती काढी. दोघांचं छान चाललं होतं.

अंगणाला बांबूच्या कामट्यांचं फाटक होतं. बोट बोट रुंद फटी, आरपार दिसणारं. दहा वर्षं त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण त्या वर्षी काय झालं कोण जाणे, कापश्या येणाऱ्याजाणाऱ्यावर तुटून पडायला लागला. ओळखीच्यांवर, शेजाऱ्यांवर, ज्यांच्या हातची भाकरी खाल्ली त्यांच्यावरही. एके सकाळी कुंभारीण डोक्यावर मडक्यांची उतरंड घेऊन वळणावर आली, आणि कापश्याने फाटकावर अशी झेप घेतली की बिचारीची सगळी मडकी दरीत गेली.

पाटलांनी गावाला बोलावलं. "बाई," ते रंगारणीला म्हणाले, "वाट एकच, आणि तिच्या कडेला दरी. आज मडकी गेली, उद्या माणूस जाईल. पौर्णिमेपर्यंत कुत्रं शांत करा. नाही जमलं तर नदीपलीकडच्या धनगरांच्या तळावर त्याला नेऊन सोडू."

रंगारीण घरी येऊन कापश्याजवळ बसली. कापश्या गेला तर सकाळी ती रंग कोणाला विचारणार होती?

मग गावात सल्ल्यांना ऊत आला. अर्धं गाव म्हणे, फाटक भरीव हवं. दिसलंच नाही तर भुंकेल कशाला? अर्धं गाव म्हणे, छे, कामट्या आणखी विरळ करा. सगळं नीट दिसलं की बिथरणार नाही. तेली भरीवाच्या बाजूने, तेलीण विरळच्या बाजूने, आणि त्यांच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही म्हणतात.

रंगारीण मात्र चार दिवस ओट्यावर बसून कापश्याकडे पाहत राहिली. आणि तिला एक गोष्ट दिसली. ऊन असलं की तो भुंकतो. ढग उतरला की गप्प पडून राहतो, कान टवकारून, शेपटीने जमिनीवर हलकेच ताल धरून.

"सापडलं!" ती स्वतःशी म्हणाली. "ढगात त्याला बाहेरचं दिसत नाही, म्हणून तो शांत. मग कायमचाच ढग दारात उभा केला तर?"

ती सुताराकडे गेली. सुताराने तिचं ऐकून घेतलं आणि रंधा बाजूला ठेवला. "काकू, भरीव सांगा, विरळ सांगा, दोन्ही करून देतो. फक्त एवढं सांगा, फाटक कोणासाठी करायचं? गावासाठी की कापश्यासाठी?"

"एकच की रे ते!" रंगारीण हसून म्हणाली.

सुताराने रंधा पुन्हा उचलला. त्याने फणसाच्या जाड फळ्यांचं फाटक केलं. मुंगीलाही आरपार दिसू नये इतकं भरीव.

फाटक बसलं त्या दिवशी ढग सकाळीच उतरला आणि संध्याकाळपर्यंत हलला नाही. लोक गुणगुणत गेले, गुणगुणत आले. कापश्या हूं की चूं करेना. रंगारीण इतकी हरखली, की तिने सुताराच्या मुंडाशाला सात बुड्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. गल्लीतून पावलं वाजली. कापश्या ताडकन उठला. पावलं जवळ आली, तसा तो फळ्यांवर धडकला. पुन्हा धडकला. पूर्वी भुंकायचा, आता ओरडायला लागला. नखांनी फळ्या खरवडल्या, नखांतून रक्त आलं. रंगारीण धावत जाऊन त्याला कवटाळून बसली, तेव्हा कुठे तो थरथरत शांत झाला. पलीकडून पाटलांचा आवाज आला. "बाई, उद्या पौर्णिमा आहे."

त्या दिवशी रंगारणीने रांजणांवरची झाकणं काढलीच नाहीत.

सकाळी ती उठली तेव्हा फाटकाखाली उकरलेली माती होती, आणि कापश्या नव्हता.

ती तशीच गल्लीत धावली. "गल्लीतून पुढे गेला, घरांच्या भिंतींना अंग घासत, पडत धडपडत," कोणीतरी सांगितलं. ती वळण ओलांडते न ओलांडते तोच अवेळी ढग उतरला. जग पुसून गेलं. खाली गल्ली आहे की दरी, काही कळेना. रंगारीण जागच्या जागी उभी राहिली. हाका मारायला तोंड उघडलं. आणि मग रीतीप्रमाणे, सवयीने, तिच्या ओठांतून तिच्या घरची चाल निघाली. बुडवा, पिळा, वाळवा, अशी तीन पायऱ्यांची साधीसुधी चाल. नवऱ्याने शिकवलेली.

ढगात इतरही होते. डावीकडून तेल्याची गोल गोल चाल आली. मागून कुंभारणीची चढती चाल. लांबून पाटलांचं खाकरणं. सगळा ढग गुणगुणत होता, आणि त्याच्या मधोमध रंगारीण डोळे मिटून आपली चाल धरून उभी होती.

हळूच तिच्या तळव्याला ओलं नाक लागलं.

ती खाली बसली आणि कापश्याला मिठीत घट्ट धरून ठेवलं. ढग विरला तेव्हा तिने पाहिलं, दरीची कड तिच्या पदरापासून हातभर लांब होती. तिने कापश्याचं तोंड दोन्ही हातांत घेतलं, उन्हाकडे वळवलं. आणि ती पाहतच राहिली.

कापश्याचे काळेभोर डोळे काळे राहिले नव्हते. त्यांच्यावर दुधाळ निळा रंग चढला होता. पहिल्या बुडीचा निळा.

तिने त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवला. डोळे हलले नाहीत.

"अरे देवा," रंगारीण म्हणाली, "साऱ्या गावाचे निळे ओळखते मी. आणि माझ्या घरातला निळा मला दिसला नाही!" ती हुंदके देऊन रडायला लागली. आता तिला सगळं कळलं होतं. उन्हात कामट्यांच्या फटींतून कापश्याला नुसत्या काळ्या सावल्या सरकताना जाणवत. निळीच्या वासात माणसांचे वास बुडून जात. ढगात तो शांत असे, कारण तेव्हा प्रत्येक माणूस आपलं नाव सांगत जात होता. आणि तिने काय केलं? त्या आंधळ्या जिवापुढे फळ्या ठोकल्या.

भोवती गाव जमलं होतं. पाटलांच्या हातात दोरी होती.

"पाटील," रंगारीण म्हणाली, "फाटकाचं जाऊ द्या. माझं एकच मागणं आहे. माझ्या वळणावरून जाताना उन्हातही गुणगुणा. दहा पावलं, बस."

"मी?" पाटील म्हणाले. "भर उन्हात? लोक काय म्हणतील?"

आणि मग जिची मडकी दरीत गेली होती, ती कुंभारीण पुढे आली. लाजून तिने पदर तोंडाशी धरला आणि भर उन्हात आपली चढती चाल गुणगुणली. कापश्याचे कान उभे राहिले. शेपटी जमिनीवर आपटली, एकदा, दोनदा. तो तिच्यापाशी गेला आणि तिचा हात चाटला.

पाटलांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग हातातली दोरी खाली टाकली आणि खाकरले. कापश्याची शेपटी पुन्हा हलली. अख्खं गाव हसलं, आणि पाटीलही हसले.

रंगारणीने जुनं कामट्यांचं फाटक पुन्हा लावलं, कारण त्यातून आवाज छान आत येतो. फणसाच्या फळ्या तिने टाकल्या नाहीत. सुताराने त्यांना पाय लावून वळणावर बाकडं करून दिलं. दमलेली माणसं त्यावर टेकत, कापश्याशी दोन शब्द बोलत आणि पुढे जात.

कापश्या पुढे पुष्कळ वर्षं जगला आणि एका ढगाळ दुपारी, सगळ्यांच्या चाली ऐकता ऐकता, शांत झोपला. पण त्या गावची माणसं त्या वळणावर अजून गुणगुणतात. भर उन्हात, दहा पावलं. नवखा माणूस विचारतो, इथे तर कोणी नाही, मग कोणासाठी? ती नुसती हसतात आणि गुणगुणत पुढे जातात.

बोध एवढाच: भ्यालेल्यासमोर भिंत उभारून त्याची भीती जात नाही, आपण कोण आहोत हे त्याला कळेल असं सांगितलं, की ती जाते.