अनवाणी राजाचे मोजे

एका राज्यात पाळण्यातलं मूल दगड होऊ लागलं. राजघराण्याला शापच होता तसा. थोरलं मूल जन्मलं की तळव्यापासून दगड व्हायचं, आणि बाराव्या दिवशी दगड काळजाला भिडायचा. या खेपेला पाळणा जयाराणीचा होता. जया ही ठकू धनगरणीची एकुलती लेक.

सातव्या दिवशी ठकू महालात थडकली. नातवाचे पाय तिनं हातात घेतले. गुडघ्यापर्यंत गार, टणक.

"आये, काहीतरी कर गं!"

"करायलाच आलेय. तू त्याला पाजत राहा."

पिंजऱ्यातल्या साळुंकीनं सात पिढ्या पाहिल्या होत्या. ती बोलली, "या घराण्याचा मूळपुरुष, पहिला राजा, दगड होऊन गुहेत खजिन्यावर अनवाणी बसला आहे. त्याचे लोकरी मोजे त्याच्याच मुलानं उतरवून पूजेला ठेवले, म्हणून हा शाप. तीन कामं कर. अग्निमेंढ्याची लोकर आण. हुबेहूब तसेच मोजे विणून त्याच्या पायांत चढव. उरलेल्या लोकरीचे बाळाला विण."

"आधी कुणी गेलं नाही?"

"बारा विणकर गेले. बाराही गुहेच्या दारात दगड होऊन उभे आहेत."

ठकूनं कातर उचलली.

अग्निमेंढा नाकातून जाळ सोडत म्हणाला, "जाळून टाकीन!"

"मग जाळ. कानामागं गोचिड्या लोंबतायत, त्या कोण काढणार? बस खाली."

मेंढा बसला.

राजपुरोहितानं चांदीच्या तबकात जुने मोजे आणले. "दोरीनं माप घ्या, बाई. बाराही जणांचं माप तसूभर चुकलं नव्हतं."

ठकूनं मोजा बोटांत चोळला. टाके एकमेकांत रुतले होते, लोकर घोंगडीसारखी घट्ट झाली होती.

"हा कढत पाण्यात कुणी घातला?"

"पूजेआधी शुद्धी नको का?"

"डोंबलाची शुद्धी! लोकर आटून निम्मी झाली. तुमच्या बारा शहाण्यांनी आटल्या मोज्याचं माप घेतलं. तो म्हाताऱ्याच्या पायात शिरेल कसा?"

दोरी तिनं फेकून दिली. सुईच्या टोकानं एकेक टाका मोजला. तोंडाशी बहात्तर, टाचेला छत्तीस, घोट्यावर काळ्या लोकरीची नागमोड. तेवढेच टाके, तीच नागमोड, वीण मात्र सैल. तीन दिवस पाच सुया थांबल्या नाहीत.

राजा चाचरत म्हणाला, "सासूबाई, हे फार मोठे दिसतात."

"जावईबापू, तुम्ही राज्य सांभाळा."

अकराव्या दिवशी ती गुहेत शिरली. दगडी राजानं डोळे उघडले.

"तेरावी आलीस?"

"पाय पुढं करा."

बोटं गेली, चवडा गेला. टाच घरात बसावी तशी बसली. दुसराही चढला. म्हाताऱ्यानं सुस्कारा सोडला. दारातले बारा विणकर शिंकले आणि चालू लागले.

"हे सोनं घे, बाई."

"नातू द्या माझा."

"उरली लोकर त्याच्या पायांत घाल," म्हणून म्हाताऱ्यानं सुखानं डोळे मिटले.

परततानाच, चालता चालता, ठकूनं अंगठ्याएवढे दोन मोजे विणले. महालात पोचली तेव्हा बारावा दिवस उजाडला होता आणि दगड बरगड्यांना टेकला होता. तिनं मोजे चढवले, नाड्या बांधल्या.

बाळानं लाथ झाडली. मोजा उडाला तो थेट राजपुरोहिताच्या दाढीत.

राजा रडला, राणी रडली. ठकूनं दाढीतून मोजा ओढून काढला.

"द्वाड कुठला!" ती म्हणाली आणि नाडीला दुसरी गाठ मारली.

त्या घराण्यात पुन्हा मूल दगड झालं नाही. त्यांच्या पावलांना जशी ऊब मिळाली, तशी ऐकणाऱ्यांच्याही पावलांना मिळो.