आकडे स्थिर होईनात

एकदा एक शिष्य स्वतःच्याच गणितावर भयंकर संतापला. एका वृद्ध अभियंत्याच्या हाताखाली तो वीजजाळ्याचे गणित शिकत होता. गावाच्या एकुलत्या एका जुन्या वाहिनीवर रुग्णालय चालत होते आणि त्याच वाहिनीवर एका व्यापाऱ्याला बर्फाचा कारखाना जोडायचा होता. भार वाढल्यावर कुठे किती व्होल्टेज उरेल, हे शिष्याने सांगायचे होते. व्यापारी समोरच ठाण मांडून बसला होता.

हे उत्तर एका दमात निघत नाही. आधी अंदाज धरायचा आणि आकडे स्थिर होईपर्यंत तो सुधारत जायचे. शिष्याने गॉस-सायडेलची संथ रीत लावली. आकडे खालीच घसरत राहिले. मग न्यूटन-रॅफसनची वेगवान रीत लावली, तर आकडे उधळलेल्या बैलासारखे कुठल्या कुठे गेले.

"कोणी काढली ही थेरं!" तो ओरडला.

"अहो साहेब, कागदावर आकडाच हवा ना? मग काढा की!" व्यापारी म्हणाला.

शिष्याने दातओठ खात उत्तरात किती चूक चालेल याची मर्यादा सैल केली आणि संगणकाने निमूट उत्तर दिले.

वृद्धाने ते वाचले आणि पुसून टाकले. वर कारखान्याचा सगळा भारच गणितातून काढला. शिष्याचे डोके फिरले.

"गुरुजी, कारखानाच काढला तर सोडवायचं काय?"

"गप बस. बघ."

दोन्ही रीती एकाच उत्तरावर येऊन थांबल्या. अर्धा भार घातला. संथ रीतीला वेळ लागला, पण उत्तर जुळले. पूर्ण भार घालताच दोन्ही पुन्हा कोलमडल्या.

आता वृद्ध कडाडला. "एकच अडली असती तर मी रीतीला दोष दिला असता. या दोघी वेगवेगळ्या वाटांनी जातात. हलक्या भाराला एकमत करतात आणि याच भाराला अडतात, म्हणजे वाहिनीत तो पेलायचं बळ नाही. दोघी जीव तोडून तेच सांगत होत्या आणि तू त्यांचं तोंड दाबलंस! शस्त्रक्रिया चालू असताना दिवे गेले असते, तर त्या रोग्याला काय सांगितलं असतंस?"

शिष्याचा राग उतरला नाही, पण आता तो स्वतःवर होता. तो व्यापाऱ्याकडे वळला.

"शेठ, नवी वाहिनी येईपर्यंत अर्धाच भार मिळेल."

"आणि पूर्ण भाराचा आकडा?" व्यापारी गरजला.

"तसा आकडाच नाही."

व्यापारी पाय आपटत निघून गेला. सैल कसोटीतून काढलेल्या होकाराची किंमत बहुधा त्या खोलीत नसलेला माणूस मोजतो.