काचेपलीकडचा माणूस

"...मग ती खिडकीच मी पत्रा ठोकून बंद केली, तर त्यात माझं काय चुकलं, बाबा?"

श्रीपाद मुळावकरनं हे विचारलं तेव्हा निरंजनबाबा मठाच्या ओसरीवर हरभऱ्याची भाजी निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

सातपुड्याच्या पायथ्याला, धारखोरा गावाच्या जरा वर, बाबांचा तो लहानसा मठ. बाबा तिथं एकटेच राहत. श्रीपाद खालच्या गावातला. तालुक्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. वय पन्नाशीला आलेलं, लग्न केलेलं नाही. घरात तो आणि त्याचे म्हातारे वडील, एवढीच माणसं. कित्येक वर्षं तो मठात येत होता, दीक्षा मागत होता. पहाटेचं ध्यान त्यानं कधी चुकवलं नव्हतं, आणि ते सांगायलाही तो चुकत नसे.

"काच किती वेळा बसवायची?" श्रीपाद म्हणाला. "काठीनं फोडली. बसवली. तांब्या फेकून फोडली. पुन्हा बसवली. परवा मुठीनं फोडली. हाताला टाके पडले. आता पत्रा आहे, तर दिवसभर पत्र्यावर ठोकत बसतात."

"कोण?"

"नाना. माझे वडील. सांगितलं ना मी."

बाबांनी एक काडी बाजूला टाकली.

"का फोडतात?"

"त्यांना आता काही कळत नाही, बाबा. मलाही ओळखत नाहीत. एके काळी हेडमास्तर होते, अख्खं गाव चळचळा कापायचं. आता स्वतःच्या घरात वाट चुकतात."

"का फोडतात, ते विचारलंस?"

"ज्याचं डोकं ठिकाणावर नाही, त्याला काय विचारायचं?"

...

वाऱ्यानं ओसरीवरची पानं सरकली. 

"अमरावतीला एक आश्रम आहे," श्रीपाद हळू आवाजात म्हणाला. "अशा म्हाताऱ्यांना ठेवून घेतात. माझं बोलणं झालंय. नानांची सोय लागली की मी मोकळा. मग मला इथं ठेवून घ्या. मी राग जिंकलाय, बाबा. आसक्तीही सुटलीय. एवढा एक गुंता राहिलाय."

बाबांनी निवडलेली भाजी टोपलीत भरली. खांद्यावर घोंगडी टाकली.

"चल."

"कुठं?"

"तुझ्या घरी. खिडकी बघू."

उतरताना वाटेत श्रीपादनं वैराग्यावर काही विचारलं.  त्यानं आणखी एकदा विचारलं. बाबा म्हणाले, "पायाखाली बघ, दगड आहेत."

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. नानांपाशी बसलेल्या शेजारच्या काकू या दोघांना पाहताच उठल्या. "जेवले नाहीत आज," एवढं सांगून त्या गेल्या.

मधल्या खोलीत भर दिवसा अंधार होता. खिडकीच्या चौकटीवर कडेनं खिळे मारून पत्रा ठोकलेला. त्या पत्र्याला कान लावून नाना उभे होते. उंच, वाकलेले, अंगात नुसती बंडी, उजव्या हाताला पट्टी. डाव्या हाताच्या बोटांनी ते पत्र्यावर टकटक करत. मग थांबत आणि ऐकत. मग पुन्हा टकटक.

"नाना," श्रीपादचा आवाज चढला, "पुरे करा आता ते. बसा खाली."

नाना दचकले. भिंतीला टेकले.

बाबा त्यांच्याजवळ गेले. पत्र्याला कान लावून तेही उभे राहिले.

"काही ऐकू येत नाही," थोड्या वेळानं बाबा म्हणाले.

नानांचे डोळे मोठे झाले. "तुम्हालाही येत नाही ना? मलाही येत नाही."

"कुणाचं?"

नानांनी श्रीपादकडे चोरून पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"बाहेर एक म्हातारे गृहस्थ येतात. दिवे लागले की येतात. काचेपलीकडे उभे राहतात, माझ्याकडे बघत. अंगावर धड कपडा नाही. थंडी केवढी पडलीय... मी म्हणतो, आत या. मी बोललो की तेही बोलतात. ओठ हलतात, पण आवाज येत नाही. मध्ये काच आहे ना."

"मग?"

"खिडकी उघडायला गेलो. उघडत नाही. खूप ओढली. मग फोडली."

श्रीपाद दारात उभा होता. तो जागचा हलला नाही.

"फोडल्यावर आले का ते आत?" बाबांनी विचारलं.

"नाही हो. फोडली की जातात. घाबरत असतील." नानांनी पट्टी बांधलेला हात छातीशी धरला. "काठीला भीत असतील म्हणून परवा हातानंच फोडली. तरी गेले. कुणीतरी घराबाहेर काढलंय त्यांना. जेवण मिळत नसेल."

"आणि हे कोण?" बाबांनी श्रीपादकडे बोट दाखवलं.

नाना कुजबुजले, "माहीत नाही. खिडक्या बंद करायला येतात."

...

श्रीपादनं दाराची चौकट धरली होती. ती त्यानं सोडली, पुन्हा धरली.

"घरात पकड असेल," बाबा त्याला म्हणाले. "पत्रा काढ."

त्यानं एकेक खिळा उपटला. मुळात खिडकीची झडपंच चौकटीला घट्ट बसली होती. मागं घराला रंग देताना बिजागऱ्यांवर, कडीवर, सांध्यांत, सगळीकडे रंग चढला होता, आणि तो कुणी खरवडला नव्हता. काचेच्या जागी नुसती पोकळी. पत्रा निघाला तसा गार वारा आत आला. बाहेर अंगण, तुळस, त्यापलीकडे कुंपण. तिन्हीसांजा झाल्या होत्या. बाबांनी खोलीतला दिवा लावला.

नाना पुढं आले. पोकळीतून इकडं तिकडं बघत राहिले.

"गेले," ते म्हणाले. "आता नाही यायचे."

त्यांचा चेहरा असा उतरला की श्रीपादनं नजर वळवली.

"श्रीपाद," बाबा म्हणाले. "बाहेर जा."

"मी? बाहेर जाऊन काय करू?"

बाबांनी दाराकडे बोट दाखवलं.

श्रीपाद अंगणातून वळसा घालून खिडकीबाहेर आला. आतल्या दिव्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आपल्याच घराच्या खिडकीबाहेर हात लोंबते सोडून उभा राहिला. 

नानांनी त्याला पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

"आलात?"

"नाना, मी श्रीपाद."

"श्रीपाद लहान आहे," नाना समजावणीच्या सुरात म्हणाले. "शाळेतून यायचाय तो. तुम्ही कोण?"

श्रीपादनं बाबांकडे पाहिलं. बाबा खाली मान घालून बसले होते.

"मी..." तो म्हणाला. "बाहेरचा."

"ते म्हातारे गृहस्थ तुमचेच का?"

"...हो."

"असे उघड्यावर सोडू नयेत हो वडिलांना. या, तुम्ही तरी आत या. बाहेर थंडी आहे."

नानांनी पट्टीचा हात पोकळीतून बाहेर काढला. श्रीपादनं तो धरला. दाराशी जायला निघावं तर हात सोडावा लागणार होता. नाना सोडायला तयार नव्हते. मग त्यानं दुसऱ्या हातानं चौकट धरली, पाय वर घेतला आणि लहान पोरासारखा खिडकीतून आत चढला. चौकटीच्या खाचेत काचेचा एक तुकडा राहून गेला होता. तो तळहातात घुसला.

रक्त पाहून नाना अस्वस्थ झाले.

"लागलं? बघू. बसा इथं. हलू नका."

त्यांनी आपल्या हाताच्या पट्टीची गाठ दातांनी सोडली. पट्टी उलगडली. तीच पट्टी ते श्रीपादच्या तळहाताला गुंडाळू लागले, सावकाश, पदराला पदर लावून. त्यांचे स्वतःचे टाके उघडे पडले होते. तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"ते गेले का?" गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं. "खिडक्या बंद करणारे?"

"गेले," श्रीपाद म्हणाला.

"माणूस वाईट नाही. पण फार ओरडतात. माझा श्रीपाद आला की भेटवतो तुम्हाला. गुणी पोर आहे. कधी आवाज चढवत नाही."

श्रीपादनं पट्टीचं सुटलेलं टोक धरून ठेवलं.

त्या संध्याकाळी नाना जेवले. पाहुण्याला वाढलं की नाही, हे पाहूनच जेवले.

बाबा रात्री तिथंच राहिले. सकाळी श्रीपादनं चाकूनं बिजागऱ्यांवरचा रंग खरवडला, गोडेतेल सोडलं, कडी मोकळी केली. झडपं उघडायला लागली. बाजारातून मापाची काच आणली. ती बसवताना बाबांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली. श्रीपादनं बारीक खिळे मारले आणि काच पक्की बसावी म्हणून कडेनं लुकण भरलं. दुखऱ्या हातानं ते वेडंवाकडं झालं. नाना खाटेवरून पाहत होते.

"पुन्हा फोडतील," श्रीपाद हलक्या आवाजात म्हणाला.

"फोडतील," बाबा म्हणाले आणि काच आणखी घट्ट धरली.

अमरावतीच्या आश्रमाला श्रीपादनं नाही म्हणून कळवलं.

त्या हिवाळ्यात रोज दिवेलागणीच्या आधी तो अंगणात जाऊन खिडकीबाहेर उभा राहायचा. आतून नाना कडी काढायचे, झडप उघडायचे आणि म्हणायचे, "आलात? या, आत या." मग तो दारानं आत यायचा. तोवर कधी नाना त्याला विसरलेले असत, आणि त्याला पुन्हा बाहेर जावं लागे. काही संध्याकाळी त्यांना कडी सापडत नसे. मग काच फुटायची. श्रीपाद तुकडे वेचायचा, त्यांचे हात पाहायचा, दुसऱ्या दिवशी नवी काच आणायचा. मठात जाणं राहिलं. पहाटेचं ध्यानही सुटलं. पहाटे नानांचं अंथरूण बदलावं लागे.

एकदा तो ओरडलाही. मग कितीतरी वेळ बाहेरच उभा राहिला. त्या दिवशी खिडकी उघडली नाही.

माघात नाना गेले. शेवटच्या दिवसांत ते खिडकीकडे बघत नसत. कुणाकडेच बघत नसत. श्रीपाद बाहेर उभा राही, आतला दिवा जळत राही, आणि नाना छताकडे डोळे लावून पडलेले काचेतून दिसत.

त्यांनी त्याला ओळखलं नाही, ते शेवटपर्यंत.

दिवस पार पडल्यावर श्रीपाद डोंगर चढून मठात आला. डोक्यावरचे केस अजून नीट वाढले नव्हते. बाबा ओसरीवर ऊन घेत बसले होते. तो त्यांच्यासमोर बसला. पूर्वीसारखं काही विचारायला त्यानं सुरुवात केली नाही.

...

"घरात फार शांतता आहे," शेवटी तो म्हणाला.

बाबांनी मान हलवली.

"मला वाटायचं, हे संपलं की मोकळा होईन. आता माझ्यामागे कुणी नाही. कसली ओढ नाही, कसला गुंता नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा घर बंद करून येतो. ठेवून घ्या मला."

बाबांनी त्याचा हात ओढून घेतला आणि उलटा केला. तळहातावर काचांचे व्रण होते, एकावर एक, काही जुने, काही अलीकडचे. बाबा त्यांवरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी आपल्या मठाकडे पाहिलं. मातीची भिंत, एक घोंगडी, एक मडकं, उघडं दार. पाहता पाहता त्यांचा चेहरा म्हातारा झाला.

"इथं फुटण्यासारखं काही नाही, श्रीपाद," ते म्हणाले. "तू इथं काय करशील?"